नव्या सुरक्षा नियमाने किती जीव वाचतील? आधी विचारा, टक्के कशाचे?

प्रश्न असा आहे: गाड्यांसाठी एखादा नवा सुरक्षा नियम येणार म्हटलं की सोबत एक आकडाही येतो. ‘यामुळे इतके मृत्यू टळतील, इतके गंभीर जखमी कमी होतील.’ नियम तर अजून लागूही झालेला नसतो. मग हा आकडा काढतात कसा आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा?

हे आकडे काढण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, आणि दुसऱ्यांनी काढलेले तपासण्याचं त्याहून जास्त. गणित म्हणाल तर शाळकरी आहे, चार-पाच संख्यांचा गुणाकार. गुणाकार सहसा कुणाचा चुकत नाही. चुकतं ते कशाला कशाने गुणायचं, हे. म्हणून अहवाल हातात आला की मी शेवटचं पान आधी उघडत नाही. ‘परिणामकारकता ४० टक्के’ असं जिथे लिहिलं असेल ती जागा शोधतो आणि बघतो, हे ४० टक्के कशाचे?

एक काल्पनिक देश घेऊ. तिथे रस्त्यांवर वर्षाला १०,००० माणसं मरतात, त्यांतले २,५०० पादचारी. प्रस्ताव असा की प्रत्येक नव्या कारमध्ये समोरचा पादचारी ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा हवी. ती ४० टक्के परिणामकारक आहे असं धरून चालू. उत्साही माणूस २,५०० चे ४० टक्के काढतो आणि एका ओळीत १,००० जीव वाचवून मोकळा होतो.

आता चाळण्या लावू. २,५०० पैकी कारची धडक बसलेले १,४००. बाकीच्यांना ट्रक, बस नाहीतर दुचाकीने उडवलेलं, आणि नियम फक्त कारसाठी आहे. १,४०० पैकी कार सरळ जात होती आणि माणूस तिच्या पुढच्या भागावर आदळला असे १,१००. उरलेले गाडी वळताना, मागे घेताना किंवा बाजूने घासून गेलेले. त्यांत कारचा वेग यंत्रणेला झेपेल एवढाच होता असे ७००. आणि माणूस कॅमेऱ्याला वेळेत दिसला असता, म्हणजे मिट्ट काळोख नव्हता किंवा उभ्या गाडीमागून तो एकदम पुढे आला नव्हता, असे ४००. आपले ४० टक्के या ४०० चे आहेत. झाले १६०. तेही रस्त्यावरच्या झाडून सगळ्या कारमध्ये यंत्रणा असेल त्या दिवशी. नियम लागू होऊन पाच वर्षं झाली तेव्हा कार जेवढे किलोमीटर धावतात त्यांतले ३० टक्केच या नव्या गाड्यांचे असतील, तर उरले ४८. त्यातही निम्म्या गाड्यांत कंपन्यांनी नियम नसता तरी यंत्रणा बसवलीच असती. नियमाच्या खात्यावर जमा: २४.

एका टोकाला १,०००, दुसऱ्या टोकाला २४. यंत्रणा तीच, ४० टक्केही तेच. पाचव्या वर्षाचे २४ म्हणजे नियम वाया गेला असं मी म्हणत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा ताफा पुरता बदलल्यावर १६० होतात, त्यांतले निम्मेच नियमाच्या खात्यावर धरले तरी ८०, आणि ते दरवर्षी होत राहतात. पण जाहीर करताना यांतला कोणता आकडा सांगितला जातोय हे कळलं नाही, तर बाकी सगळी चर्चा हवेत.

या चाळण्यांतून खाली जे उरतं त्याला आम्ही ‘लक्ष्यगट’ म्हणतो, म्हणजे ती यंत्रणा ज्यांना मुळात मदत करू शकली असती असे बळी. कामाचे बहुतेक दिवस याच्यामागे जातात, कारण पोलिसांच्या नोंदी या कामासाठी लिहिलेल्याच नसतात. दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी त्या लिहितात. धडकेच्या क्षणी वेग किती होता, ब्रेक लावला होता का, माणूस कुठून आला, हे आम्हाला हवं असतं; नोंदीत असतं ‘चालकाचा हलगर्जीपणा’. एका कामात जवळजवळ प्रत्येक प्रकरणात ‘अतिवेग’ या चौकटीत खूण दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की फॉर्म त्या चौकटीशिवाय पुढेच सरकत नाही असा तिथे समज होता. त्या नोंदींवरून वेगमर्यादेच्या यंत्रणेचा लक्ष्यगट काढला असता तर एका यंत्रणेने निम्मे रस्ते सुरक्षित केले असते, कागदावर.

म्हणून सखोल अपघात-तपासणीचे संग्रह लागतात. जर्मनीत हॅनोवर आणि ड्रेस्डेन या दोन भागांत १९९९ पासून ‘जीआयडीएएस’ नावाचा असा संग्रह चालतो. पथक घटनास्थळी जातं, चाकांच्या खुणा मोजतं, जखमांची वैद्यकीय नोंद घेतं, वेग मागे जाऊन काढतं. वर्षाला सुमारे दोन हजार प्रकरणं. सोन्यासारखी माहिती आहे. तिचं दुखणंही तेवढंच ठळक: नमुना दोन शहरांच्या आसपासचा आणि किमान एक जण जखमी असलेल्या अपघातांचा. तो अख्ख्या देशावर पसरवताना वजनं लावावी लागतात, म्हणजे नमुन्यातलं एक प्रकरण देशातल्या किती प्रकरणांच्या जागी धरायचं ते ठरवावं लागतं, आणि तो देश जर्मनी नसेल तर वजनांनीही भागत नाही.

आता त्या ४० टक्क्यांकडे वळू. असे टक्के तीन वाटांनी येतात: मर्यादित चाचणीतून, संगणकावर जुने अपघात पुन्हा घडवून, किंवा यंत्रणा रस्त्यावर आल्यानंतरच्या खऱ्या अपघातांतून.

पहिल्या वाटेचा धडा म्हणून मी मागच्या काचेजवळच्या तिसऱ्या ब्रेक-लाइटची गोष्ट नेहमी सांगतो. अमेरिकेत तो सक्तीचा होण्याआधी टॅक्सी आणि कंपन्यांच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढची गाडी ब्रेक लावत असताना मागून बसणाऱ्या धडका जवळपास निम्म्याने घटल्या. १९८६ च्या मॉडेलपासून कारवर तो सक्तीचा झाला. पुढे तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, प्रत्यक्ष नोंदींवरून हिशेब काढला: १९८७ मध्ये मागून बसणाऱ्या एकूण धडकांत घट ८.५ टक्के, आणि १९८९ पासून ती ४.३ टक्क्यांवर येऊन स्थिरावली.

पन्नास कुठे आणि चार कुठे? काही फरक छेदातला आहे. चाचणीतले टक्के फक्त ब्रेक लावलेल्या प्रकरणांचे होते, नंतरचे सगळ्या मागच्या धडकांचे. पण मोठा वाटा नवलाईचा. शंभर गाड्यांत एकीलाच तिसरा दिवा असतो तेव्हा तो डोळ्यांत भरतो. सगळ्यांनाच असला की डोळा सरावतो. चाचणीत मोजली गेली ती ‘वेगळी दिसणाऱ्या गाडीची’ परिणामकारकता. नियम मात्र सगळ्या गाड्या सारख्या करणार होता. तरीही तो दिवा इतका स्वस्त आहे की ४.३ टक्क्यांतही त्याने आपला खर्च कितीतरी पटींनी भरून काढला. अंदाज फसला तरी नियम बरोबर असू शकतो, हे माझ्या क्षेत्रातल्या लोकांनाही पचायला जड जातं.

मोटरसायकलच्या एबीएसची, म्हणजे ब्रेक करकचून दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, कहाणी वेगळी. इथे टक्के खऱ्या अपघातांतूनच आले, तरी उतरत गेले. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने, आयआयएचएसने, एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली. प्राणघातक अपघातांचा दर एबीएसवाल्या गाड्यांत आधी ३७ टक्के कमी दिसला, पुढच्या अभ्यासात ३१, आणि बऱ्याच वर्षांनी जास्त गाड्या हाती आल्यावर २२. माझं मत असं की सुरुवातीला जास्तीचे पैसे मोजून एबीएस घेणारा माणूस मुळातच जपून चालवणारा होता, आणि त्याच्या स्वभावाचं श्रेय ब्रेकला गेलं. २२ टक्के हीसुद्धा दणदणीत घट आहे. पण ३७ वर बेतलेला नियमाचा हिशेब दीड पटीहून जास्त फुगला असता.

चारचाकीच्या एबीएसने तर सगळ्यांनाच तोंडावर पाडलं. चाचणीच्या मैदानावर ओल्या रस्त्यावर थांबण्याचं अंतर कमी, ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते, सगळं उत्तम. एनएचटीएसएने २००९ मध्ये दीर्घकाळचा हिशेब मांडला तेव्हा कारच्या एकूण अपघातांत सुमारे ६ टक्के घट होती आणि प्राणघातक अपघातांवर निव्वळ परिणाम शून्याजवळ. पादचाऱ्यांना आणि दुसऱ्या गाड्यांना बसणाऱ्या धडका घटल्या, पण गाडी एकटीच रस्त्याबाहेर जाण्याचे प्रकार वाढले, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन बसले.

या अनुभवामुळे ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला वाटेवर आणणारी यंत्रणा, आली तेव्हा माझ्यासारखे बरेच जण नाक मुरडून बसले होते. आमचं चुकलं. २००७ मध्ये अमेरिकेने तिची सक्ती जाहीर केली तेव्हाचे अंदाज होते: एकट्या गाडीच्या अपघातांत कारसाठी ३४ टक्के घट, एसयूव्हीसाठी ५९ टक्के, आणि सगळा ताफा बदलल्यावर वर्षाला ५,३०० ते ९,६०० जीव. वेगवेगळ्या देशांतले अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवत होते, असं आमच्या धंद्यात फार क्वचित घडतं. एबीएस पडलं आणि ईएससी चाललं, असं का? मला वाटतं मुख्य फरक हा की ईएससीला चालकाकडून काहीच नको असतं. बहुतेकांना ती गाडीत आहे हेही ठाऊक नसतं. एबीएस पायाला जाणवतं, त्याचा भरवसा वाटतो आणि भरवसा वाटला की माणूस थोडा अधिक जोरात जातो. सॅम पेल्ट्झमन या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये असा दावा केला होता की सुरक्षा नियमांचा सगळा फायदा अशा धिटाईत विरून जातो. सगळा विरतो हे पुढच्या अनुभवाने खोटं ठरवलं. पण चालकाला जाणवणाऱ्या साधनांच्या बाबतीत थोडा विरतो हे धरून चालावं, आणि चालकाला न जाणवणाऱ्या साधनांवर कमी कात्री लावावी.

इशारा देणारी साधनं तिसऱ्याच जातीची. नुसतं पिंपिं करणारी यंत्रणा चालक बंद करून टाकतो. लेन सुटल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणांच्या बाबतीत हे वारंवार दिसलं आहे. म्हणून गुणाकारात ‘किती गाड्यांत बसली आहे’ याच्या शेजारी ‘किती गाड्यांत चालू आहे’ अशी वेगळी संख्या हवी. जुन्या अहवालांत ती शोधून सापडत नाही.

खऱ्या अपघातांतून टक्के काढण्याच्या दोन युक्त्या सांगतो, कारण त्या देखण्या आहेत. पहिली अडचण ही की कोणती गाडी किती किलोमीटर, कुठे आणि कोणाच्या हातात धावली हे माहीत नसतं. त्यावर तोड अशी: ज्या अपघाताशी यंत्रणेचा काही संबंध नाही असा प्रकार निवडायचा, उदाहरणार्थ सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून कोणीतरी ठोकणं. तो गाडीच्या वावराचं माप होतो. समजा ईएससी नसलेल्या गाड्यांत घसरून झालेले २०० अपघात आणि मागून ठोकले गेलेले ४००. ईएससी असलेल्या गाड्यांत ६० आणि २००. गुणोत्तर ०.५ चं ०.३ झालं, म्हणजे घट ४० टक्के. वावर न मोजता उत्तर मिळालं. फक्त निवडलेला प्रकार खरोखर असंबंधित असला पाहिजे. तुमच्या गाडीने आपोआप करकचून ब्रेक लावला म्हणून मागचा तुमच्यावर आदळला असेल, तर स्वयंचलित ब्रेकच्या अभ्यासात हे माप वापरता येत नाही.

दुसरी युक्ती वाहतूक सुरक्षेचे संशोधक लिओनार्ड एव्हान्स यांची, १९८६ ची. सीटबेल्टने मृत्यूचा धोका किती घटतो? बेल्ट लावणारे आणि न लावणारे वेगळ्या तऱ्हेने गाडी चालवतात, म्हणून थेट तुलना फसवी. एव्हान्स यांनी एकाच गाडीतल्या दोघांची जोडी घेतली. बेल्ट न लावलेला शेजारचा प्रवासी म्हणजे धडक किती जबर होती याची मोजपट्टी. बेल्ट लावलेला चालक आणि असा प्रवासी, यांच्या मृत्यूंचं एक गुणोत्तर. बेल्ट न लावलेला चालक आणि असाच प्रवासी, यांचं दुसरं. एकाला दुसऱ्याने भागलं की उत्तर समोर. कारच्या पुढच्या सीटवरच्यांसाठी तीन-बिंदू बेल्टने, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्ही धरणाऱ्या नेहमीच्या बेल्टने, मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटतो, ही एनएचटीएसए वापरते ती संख्या जोड्यांच्या अशाच तुलनेवर उभी आहे. गंमत अशी की अमेरिकेत बेल्टची सक्ती झाल्यावर याच पद्धतीने काढलेले टक्के एकाएकी चढले. बेल्टमध्ये काही बदललं नव्हतं. वाचलेले लोक दंडाच्या भीतीने पोलिसांना ‘लावला होता’ म्हणू लागले होते, आणि मेलेल्यांना तशी थाप मारता येत नाही. मग ती फुगवट काढण्यासाठी वेगळा सुधारणा-गुणक बसवावा लागला.

संगणकावर जुने अपघात पुन्हा घडवण्याची वाट आता सर्वाधिक चालते, कारण नव्या यंत्रणेचे खरे अपघात अजून झालेलेच नसतात. अपघाताआधीची पाच सेकंदं घ्यायची, त्या गाडीत यंत्रणा होती असं धरायचं आणि पुढे काय झालं असतं ते बघायचं. पद्धत चांगली आहे, फक्त तिच्या पोटात एक काल्पनिक चालक बसलेला असतो. इशारा ऐकून तो किती सेकंदांत पाय उचलतो, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. अर्धा सेकंद इकडेतिकडे केला की उत्तर पार बदलतं. अशा अहवालात मी आधी चालकाच्या प्रतिसादाचा तक्ता मागतो. तो मिळाला नाही तर बाकीचं वाचत नाही.

माझ्या बनावट देशातली काळोखाची चाळणी अतिशयोक्ती वाटली असेल तर खरं उदाहरण बघा. आयआयएचएसच्या २०२२ च्या अभ्यासात पादचारी ओळखणाऱ्या स्वयंचलित ब्रेकने पादचाऱ्यांना बसणाऱ्या धडका २७ टक्क्यांनी घटवल्या. पण रस्त्यावर दिवे नसलेल्या काळोखात फरक दिसला नाही, गाडी वळत असताना दिसला नाही, आणि जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यांवरही दिसला नाही. अमेरिकेत मरणाऱ्या पादचाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश काळोखात मरतात. म्हणजे २७ टक्के ‘धडकांचे’ आहेत. ते ‘मृत्यूंना’ लावले की हिशेब बिघडला. आणि हे सर्रास होतं, कारण धडका भरपूर असतात म्हणून टक्के त्यांच्यावर मोजले जातात, तर मथळ्याला मृत्यू हवे असतात.

यानंतरचा खड्डा बेरजेचा. एका प्रस्तावसंचात रस्त्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या एकाच गटावर चार साधनांनी हक्क सांगितलेला मी पाहिला. नेमके टक्के देत नाही, पण समजा ते ४०, ३०, २० आणि २० होते. बेरीज ११०. शंभर माणसं मरणार होती त्यांतली एकशेदहा वाचली! नीट करायचं तर एकाने वाचवून जे उरले त्यांच्यावर दुसरं लावायचं: ०.६ × ०.७ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.२७, म्हणजे घट ७३ टक्के. तीही चारही साधनं एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करतात असं मानलं तर. प्रत्यक्षात पेंगणाऱ्याला जागं करणारं साधन आणि लेनमध्ये ठेवणारं साधन त्याच माणसाला वाचवायला धावतात, त्यामुळे खरी घट त्याहूनही कमी. एकेका साधनाचं श्रेय किती हे आधी कोणाला रांगेत उभं करता यावर ठरतं. आपलं साधन पहिलं लागावं म्हणून बैठकांत होणारी रस्सीखेच बघण्यासारखी असते. माझा शिरस्ता असा: संच म्हणून एकच आकडा द्यावा, आणि एकेकट्याचे द्यायचेच असतील तर ते बेरजेसाठी नाहीत असं तक्त्यातच छापावं.

जखमींच्या बाबतीत एक गोष्ट जवळजवळ हमखास निसटते. काही साधनं अपघात टाळतात, काही फक्त त्याची धार कमी करतात. दुसऱ्या प्रकारात मरणारा माणूस वाचतो, पण बहुधा गंभीर जखमींत जातो. समजा साधनाने १०० मृत्यू टाळले, त्यांतले ४० अपघातच न झाल्यामुळे आणि ६० धार कमी झाल्यामुळे. तर ते ६० गंभीर जखमींच्या रकान्यात वाढवायला हवेत. गंभीर जखमींतूनही काही किरकोळ जखमींत उतरतील. ही सरकासरक न दाखवणारा अहवाल गंभीर जखमींची घट फुगवून सांगतो. त्यात पुन्हा ‘गंभीर’ कोणाला म्हणायचं? पोलीस इस्पितळात नेलेल्याला म्हणतात; डॉक्टर जखमेच्या श्रेणीवरून ठरवतात. दोन्ही याद्या जुळत नाहीत.

साधनाने होणारं नुकसानही वजा करावं लागतं, आणि कोणाचं होतं तेही बघावं लागतं. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या धडकांत पुढच्या एअरबॅगच्या जोरानेच २९० हून अधिक मृत्यू झाले. त्यांत लहान मुलं आणि ठेंगणी माणसं बरीच होती, आणि जवळजवळ ९० टक्के मृत्यू १९९८ पूर्वीच्या गाड्यांत. एअरबॅगने वाचवलेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. पण सरासरी बळी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या हिशेबात ही मुलं दिसतच नव्हती.

आता मोठे जाहीर आकडे या नजरेने वाचू. युरोपीय संघाच्या सुरक्षा नियमावलीने २०२२ च्या जुलैपासून नव्या मॉडेलवर आणि २०२४ च्या जुलैपासून सगळ्या नव्या गाड्यांवर स्वयंचलित ब्रेक, वेगमर्यादेची जाणीव देणारी यंत्रणा, आपत्कालीन लेन-राखण, पेंग ओळखणं अशी साधनं सक्तीची केली. सोबतचा अंदाज: २०३८ पर्यंत २५,००० हून अधिक जीव. युरोपीय संघात वर्षाला २० हजारांच्या आसपास मृत्यू होतात, म्हणून २५,००० ऐकून वाटतं रस्ते रिकामेच झाले. तो सोळा वर्षांचा एकत्र आकडा आहे. सरासरी वर्षाला साधारण दीड हजार, त्यात सुरुवातीची वर्षं जवळजवळ कोरडी आणि शेवटची भरघोस. मला तो अवास्तव वाटत नाही. फक्त पहिल्या तीन वर्षांत फरक दिसला नाही म्हणून नियमाला नावं ठेवणाऱ्यांनी गाड्यांचं वय आठवावं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय बारा वर्षांच्या पुढे गेलं आहे. एखादं साधन जवळजवळ सगळ्या ताफ्यात पोचायला तीस-एक वर्षं जातात.

उलट अमेरिकेच्या स्वयंचलित ब्रेकच्या २०२४ च्या नियमाचा अंदाज वर्षाला किमान ३६० जीव. तिथे तेव्हा वर्षाला ४० हजारांच्या घरात माणसं मरत होती. म्हणजे एक टक्काही नाही. लोक विचारतात, एवढं गाजलेलं तंत्रज्ञान आणि एवढंच? कारण आधाररेषा, म्हणजे नियम नसता तरी जे झालंच असतं ते. २० वाहन कंपन्यांनी हे ब्रेक आपणहून बसवण्याचं २०१६ मध्येच कबूल केलं होतं आणि नव्या गाड्यांत ते येऊनही चुकले होते. नियमाने मागितली ती त्याहून वरची कामगिरी: जास्त वेगाला आणि काळोखात पादचाऱ्यासाठीही. म्हणून ३६० हा फक्त वरचा फरक आहे. असा प्रामाणिकपणे काढलेला लहान आकडा मला जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, आणि बातमीत मात्र नेमका तोच मार खातो.

लक्ष्यगट लहान असला म्हणून नियम सोडून द्यावा असंही नाही. गाडी मागे घेताना चिरडले जाणारे अमेरिकेत वर्षाला सुमारे २१० होते. मागच्या कॅमेऱ्याने त्यांतले ५८ ते ६९ वाचतील असा अंदाज होता, कारण कॅमेरा असून चालक बघेलच असं नाही. पण त्या २१० मध्ये ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं होती, आणि बऱ्याचदा गाडी घरच्याच कुणाची. खर्च भागिले जीव हा हिशेब इथे अपुरा पडतो असं तिथल्या कायदेमंडळाला वाटलं. मलाही वाटतं.

एका देशाचे टक्के दुसऱ्या देशात नेणं हा मात्र मला न चालणारा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर ११ लाख ९० हजार माणसं मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर होती, आणि ९२ टक्के मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. कारमधल्या माणसाला कारमधल्या माणसापासून वाचवणाऱ्या साधनाचे टक्के तिथे नेले तर टक्के खरे राहतात, लक्ष्यगट मात्र उरत नाही. लेन राखणाऱ्या यंत्रणेला रस्त्यावर पट्टे दिसावे लागतात. स्वीडनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात ताशी ७० ते १२० किलोमीटर मर्यादेच्या, बर्फ नसलेल्या रस्त्यांवर लेन सुटल्याचा इशारा देणाऱ्या आणि लेन राखणाऱ्या यंत्रणांनी समोरासमोरच्या आणि एकट्या गाडीच्या दुखापतीच्या अपघातांत ५३ टक्के घट दाखवली. सगळे रस्ते आणि सगळे ऋतू धरले की त्याच अभ्यासात ती ३० टक्के होते. आणि संख्याशास्त्रीय मर्यादेची खालची कड, म्हणजे नमुना लहान असल्याने खरी घट जिथवर खाली असू शकते ती, अनुक्रमे ११ आणि ६ टक्के. म्हणजे एका अभ्यासातून ५३ पासून ६ पर्यंत काहीही उचलून अहवालात टाकता येतं, आणि त्यातलं एकही खोटं नाही.

म्हणून अंदाज नेहमी पट्ट्यात, म्हणजे ‘किमान इतके ते कमाल इतके’ असा, मागावा, आणि तो पट्टा कशामुळे रुंद झाला तेही विचारावं. प्रत्येक संख्येची सर्वांत खालची किंमत घेऊन गुणाकार, मग प्रत्येकाची सर्वांत वरची, असं केलं तर पट्टा हास्यास्पद रुंद होतो, कारण सगळ्याच गोष्टी एकदम वाईट निघण्याची शक्यता फार थोडी. एकेक संख्या हलवून उत्तर किती हलतं ते बघणं जास्त उपयोगाचं. माझ्या अनुभवात पहिला नंबर जवळजवळ नेहमी लक्ष्यगटाचा लागतो, दुसरा आधाररेषेचा. ज्या टक्क्यांवर बैठकीत सर्वांत जास्त भांडणं होतात ते तिसरे.

आणि नियम लागू झाल्यावर परत जाऊन मोजण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. एकदा अशाच फेरमोजणीसाठी मी अपघात-नोंदींचा मोठा गठ्ठा मागवला. फॉर्मवर गाडीच्या रंगासाठी रकाना होता. गाडीत स्वयंचलित ब्रेक होता का, आणि होता तर त्या क्षणी चालू होता का, याला जागाच नव्हती. पहिला प्रश्न चासिस क्रमांकावरून कंपनीकडे विचारून सोडवला. त्यात आठ महिने गेले. दुसऱ्याचं उत्तर त्या गठ्ठ्यातून कधीच निघालं नाही.